जास्तीचा साचा

बाईंना वरची कवळी आहे, हे घरातल्या तिघांना ठाऊक होतं आणि पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. तिघं म्हणजे बाई स्वतः, त्यांची मुलगी आणि यजमान. त्यातही यजमानांनी ती पाहिली नव्हती असं म्हणणं जरा चमत्कारिक आहे, कारण कवळी त्यांनीच घडवली होती. दंतवैद्यांना दात करून देणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे ते अर्धे मालक. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी, पॉलिशची दोन चाकं आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. गल्लीत त्यांना कवळीवाले म्हणत. पण कवळीवाल्यांच्या घरातच कवळी आहे, अशी शंका कुणाला चुकूनही आली नाही. काम इतकं बेमालूम होतं. एक सुळा तर त्यांनी मुद्दाम जरासा तिरका बसवला होता, कारण बाईंचा मूळचा तसाच होता.

यजमानांनी कवळी रोज पाहिली. पाहिली नव्हती ती कवळीशिवायची बायको. त्यामागे एक हकीकत आहे. बाई शाळेत पहिलीला शिकवत. तिशी उलटल्यावर हिरड्यांचं दुखणं मागे लागलं आणि वरचे दात हलून हलून एकेक करत गेले. शेवटचे समोरचे काढल्यावर, कवळी तयार व्हायच्या आधी, बाई हट्टानं एक दिवस वर्गावर गेल्या. नेमकी 'त, थ, द, ध'ची ओळ होती. बाई फळ्याकडे बोट दाखवून बोलल्या आणि तोंडातून नुसता वारा आला. वर्ग हसला. पहिलीतल्या मुलांचं हसणं मनाला लावून घ्यायचं नसतं, हे बाईंनी नव्या शिक्षिकांना किती वेळा सांगितलं असेल. स्वतःवर वेळ आल्यावर ते सगळं शहाणपण कुठे गेलं कोण जाणे. घरी येऊन त्या तोंडावर रुमाल धरून यजमानांना म्हणाल्या, "यापुढे मला कुणी असं बघायचं नाही."

"बरं."

"तुम्हीसुद्धा."

"मी तर हेच काम करतो गं दिवसभर."

"म्हणून तर तुम्ही नाहीच."

यजमान भिडस्त. बरं म्हणाले ते म्हणालेच. वीसेक वर्षं ते बरं पाळलं गेलं.

आता कवळी ही काही एकदा केली आणि विसरलात अशी वस्तू नाही. दात गेले की खालच्या हाडाला काम उरत नाही आणि ते हळूहळू आटत जातं. कवळी तीच राहते, खालचं हाड ओसरतं, मग कवळी हलायला लागते. तिला आतून नवं अस्तर घालावं लागतं. बाईंच्या घरी हे दरवर्षी व्हायचं, शाळेला सुट्टी लागली की लगेच. त्या दिवसाला घरात अस्तराचा दिवस म्हणत आणि त्याची एक ठरलेली रीत होती. बाई न्हाणीघरात जाऊन दार ओढून घ्यायच्या. फटीतून कवळी बाहेर द्यायच्या. यजमान तिच्यात मापाचा लगदा भरून फटीतून परत आत द्यायचे आणि बाहेर स्टुलावर बसून सूचना करायचे. "घट्ट दाब. आता 'ई' म्हण. आता 'ऊ'. गिळ. अजून नको काढू." आतून ई, ऊ यायचं. मग कवळी पुन्हा फटीतून बाहेर यायची आणि डब्यात बसून कारखान्यात जायची. संध्याकाळपर्यंत बाई कुणाला दार उघडायच्या नाहीत, फोन घ्यायच्या नाहीत आणि काही खायच्याही नाहीत. नुसत्या हिरड्यांनी दूध-पाव चघळणं त्यांना स्वतःसमोरसुद्धा नको वाटे. संध्याकाळी यजमान यायचे, फटीतून डबा द्यायचे आणि बाहेरून नेहमीचा एकच प्रश्न विचारायचे, "काही खाल्लंस का?"

"तुमची वाट बघत होते," असं उत्तर कवळी बसवल्यावर, स्वच्छ शब्दांत यायचं. मग दोघं जेवायला बसायची.

एकदा बाईंनी विचारलं होतं, "त्या मापात प्लास्टर ओतता ना तुम्ही? मग माझ्या तोंडाचा साचा निघत असेल."

"निघतो. पण कवळी सोडवताना फुटून जातो," यजमान म्हणाले. बाई निर्धास्त झाल्या.

दरवर्षी यजमान आणखी दोन गोष्टी सांगायचे. एक, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ. दोन, रात्री काढून ठेवत जा, हिरडीला विसावा हवा. पहिलीला बाई "बघू" म्हणायच्या आणि दुसरीला "काढते की" म्हणायच्या. काढायच्या मात्र कधीच नाहीत. शेजारी नवरा झोपलेला असताना कशा काढणार? उशाशी पाण्याचं भांडं तेवढं इमानदारीनं भरून ठेवायच्या.

मग एक अस्तराचा दिवस असा आला की डबा सकाळी गेला आणि दुपारी फोन वाजायला लागला. रीतीप्रमाणे बाईंनी तो घेतला नाही. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी मुलगी तिच्याजवळची किल्ली लावून आत आली तेव्हा बाई पंखा लावून पेपर वाचत होत्या. बाबा कारखान्यात कोसळले, हे मुलीनं दोनदा सांगितलं. बाईंनी टॉवेल उचलला, तोंडावर धरला आणि तशाच निघाल्या.

यजमान पलंगावर होते. भोवती नर्स, मुलगी, जावई आणि कारखान्यातले धाकटे भागीदार, जे यजमानांना दादा म्हणत आणि ज्यांना बाई भाऊजी म्हणत. यजमानांनी डोळे उघडले, तोंडावरचा मास्क बोटानं बाजूला केला आणि विचारलं, "काही खाल्लंस का?"

बाईंनी टॉवेलआडून मान हलवली. पण यजमानांची नजर ठरत नव्हती, ती मान त्यांना दिसली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "अगं, काही खाल्लंस का?"

उत्तर बाईंच्या ओठांवर होतं. पण ते उत्तर म्हणजे नुसता वारा झाला असता, आणि इतकी माणसं उभी होती. बाईंनी ठरवलं, जरा गर्दी हटू दे, मग कानाशी जाऊन सांगू. गर्दी हटली नाही. यजमानच गेले.

संध्याकाळी भाऊजींनी डबा आणून दिला. बाईंनी न्हाणीघरात जाऊन कवळी बसवली. ती घट्ट बसली, पहिल्यापेक्षाही घट्ट. यजमानांच्या हातचं हे शेवटचं अस्तर, एवढा एक विचार मनात आला आणि त्याच्या मागून काहीच आलं नाही. रडू नाही, हुंदका नाही. चार दिवस लोक येत-जात राहिले आणि बाई सगळ्यांशी स्वच्छ शब्दांत बोलल्या. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. खंबीर कसल्या. बाईंना काही वाटतच नव्हतं.

ते न वाटणं पुढे मुक्कामालाच आलं. सकाळ झाली की उठायचं, खिडक्या उघडायच्या, कपडे वाळत घालायचे. निवृत्त झाल्यामुळे शाळेचंही निमित्त नव्हतं. बाजूच्या बिऱ्हाडात बाळ जन्मलं, बाई बघून आल्या, बाळ गोड आहे असं म्हणाल्या, आणि ते वाक्य फळ्यावरचं वाचून दाखवल्यासारखं झालं. जेवणाची चव गेली म्हणावं तर तसंही नाही. मीठ कमी पडलं की कळायचं. फक्त त्याचं काही वाटायचं नाही.

इकडे हाड आपलं काम करतच होतं. वर्ष उलटायच्या आत कवळी सैल झाली. बोलताना खाली यायची, टक् करून आपटायची. चिकटवायची पावडर आली, ती दुपारपर्यंतच टिके. भाऊजी दोनदा विचारून गेले, "वहिनी, अस्तर घालून देऊ का?" बाई म्हणाल्या, "बघू." मग बाईंनी बोलणंच कमी केलं. सफरचंद सुटलं, पोळी सुटली, पावाची कड सुटली. पेज आणि दूध उरलं. गालांत खड्डे पडले, नाकाखालचा ओठ आत गेला. आरशातल्या बाई आपल्या आईसारख्या दिसायला लागल्या आणि मग आजीसारख्या. त्यांना त्याचंही काही वाटलं नाही.

मुलीला मात्र वाटलं. एका रविवारी ती आली, बाई तिला "ये" म्हणाल्या, आणि त्या एवढ्याशा शब्दाबरोबर कवळी सुटून चहाच्या कपात पडली. चहा मुलीच्या बाहीवर उडाला. मायलेकी दोघी कपाकडे बघत राहिल्या. बाईंनी सवयीनं हात तोंडावर नेला, पण तोही सावकाश, घाई नसल्यासारखा.

"आई," मुलगी बाही झटकत म्हणाली, "तू उद्या माझ्याबरोबर येणार आहेस. नाही म्हणू नकोस, मी विचारत नाहीये."

डॉक्टर जबड्याचे सर्जन होते. तरणे, बोलके, समजावून सांगायची हौस असलेले. त्यांनी आधी स्कॅन काढला आणि मग म्हणाले, "कवळी काढा बरं, आत बघू."

हीच ती घडी. वीस-बावीस वर्षं जिच्या धास्तीनं बाई दारं लावत आल्या, ती. मुलगी शेजारी बसली होती, समोर डॉक्टर, मागे त्यांची मदतनीस. बाईंनी अंगठा लावला, कवळी काढली आणि पुढे केलेल्या भांड्यात ठेवली. पायातली चप्पल काढावी तशी. त्यांना स्वतःचंच नवल वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. मुलीनं मात्र खिडकीकडे मान फिरवली, आणि ती आईच्या लाजेसाठी फिरवली की स्वतःच्या घाबरण्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"रात्री काढून ठेवत होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी मान होकारार्थी हलवली. खोटं बोलायला दात लागत नाहीत.

डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावला. "हा वरचा जबडा. म्हणजे जबडा असायला हवा ती जागा. इथं हाड नखाएवढं उरलंय. वर ही जी काळी पोकळी दिसतेय ती नाकाशेजारची, ती खाली खाली आलीय. इम्प्लांट म्हणजे शेवटी स्क्रूच. स्क्रूला धरायला भिंत लागते, आणि तुमची भिंत राहिली नाही."

"मग?" मुलीनं विचारलं.

"दोन रस्ते आहेत. कमरेचं हाड काढून इथं लावायचं, ते जिवंत व्हायची कित्येक महिने वाट बघायची, आणि इतकं करून ते धरेलच असं नाही. दुसरा रस्ता, लांब स्क्रू घ्यायचे आणि जबड्यातून तिरके थेट गालाच्या हाडात न्यायचे. दोन या बाजूला, दोन त्या. गालाचं हाड सहसा आटत नाही. त्यावर त्याच दिवशी दात बसतात."

"त्याच दिवशी? कुठून?"

"ही कवळीच वापरायची," डॉक्टरांनी भांड्याकडे बोट केलं. "फार सुरेख काम आहे हे. ओठाला आधार कुठे द्यायचा, दात कुठे दिसायचे, सगळं अचूक आहे. हिचा टाळूचा भाग कापून टाकायचा, चार भोकं पाडायची आणि स्क्रूंवर घट्ट बसवायची. हाडानं नीट धरलं की पुढे हिच्याच मापाचे पक्के दात करू."

"कापायची नाही," बाई म्हणाल्या. दातांशिवाय म्हणाल्या, त्यामुळे डॉक्टरांना ते समजलं नाही. मुलीला समजलं.

गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "आई, ते प्लास्टिक आहे."

"त्यांनी केलंय."

"बाबांनीच केलंय गं, मला माहीत आहे. पण त्या प्लास्टिकपायी तू उपाशी मरणार आहेस का? बाबांना ते चाललं असतं?"

मुलीनं पुढे तोंड घट्ट मिटून गाडी चालवली. तिनं बाबांची आठवण काढून आईला बोलतं करायचे सगळे प्रयत्न करून झाले होते. आता तिनंही हात टेकले होते. बाईंना दिसत होतं, लेक रडवेली झालीय. बरं वाटावं असं काही बोलायला हवं, हेही कळत होतं. पण शब्द शोधायला जावं तर आत दिवाच लागत नव्हता.

दोन दिवसांनी भाऊजी आले. मुलीनंच पाठवलं असणार. म्हणाले, "वहिनी, कवळी जरा बघू द्या." डॉक्टरांसमोर चप्पल काढावी तशी काढलेली कवळी बाईंनी इथं मात्र तशी काढली नाही. पाय आपोआप न्हाणीघराकडे गेले. दार ओढलं, फटीतून हात बाहेर केला. बाहेर भाऊजींनी ती घेतली आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली असावी, कारण त्यांचा आवाज लांबून आला.

"मधोमध तडा गेलाय, वहिनी. केसाएवढा. आत आधार नाही, नुसती उलथी-पालथी होतेय, मग दुसरं काय होणार? आज ना उद्या दोन तुकडे होतील. एक तर तुमच्या तोंडात, नाहीतर माझ्या हातात."

बाई दाराआड उभ्या होत्या. तडा गेला, हे ऐकून काहीतरी व्हायला हवं होतं. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग विचारलं, "तुम्हीच कापाल?"

त्यांचे ते पोकळ शब्द भाऊजींना एका दमात कळले. सगळं आयुष्य बिनदातांच्या माणसांत गेलेलं. "मीच कापीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

"बरं."

"आणि वहिनी, तुमचं थोडं सामान आहे कारखान्यात. ऑपरेशनच्या दिवशी येताना आणतो. डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होईल."

कसलं सामान, असं बाईंनी विचारलं नाही. फटीतून परत आलेली कवळी त्यांनी बसवली आणि चहा ठेवायला गेल्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाईंना गुंगीचं औषध दिलं, पूर्ण झोपेचं नाही. मग हिरडीत, टाळूत, गालात बधिर करायच्या सुया. वरचा ओठ गेला, नाक गेलं, गाल डोळ्यांपर्यंत गेले. बधिर व्हायला बाईंना खरं तर सुयांची गरज नव्हती. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं एवढंच. कापडाखाली त्या पडून राहिल्या आणि आपल्या डोक्यात चाललेलं काम ऐकत राहिल्या. यंत्र हाडात शिरलं की कवटीभर घरघर होई, शेजारच्या घरात भिंतीला भोक पाडताना आपल्या कपाटातली भांडी हलावीत तशी. डॉक्टर मदतनिशीला काहीबाही सांगत होते. "धरलं. छान धरलं. हाड मस्त आहे इथं." आपल्या अंगात काहीतरी मस्त आहे, हे बाईंनी ऐकून घेतलं.

मग बराच वेळ टाके. मग पलंग अर्धा उठवला. बाई डोळे मिटून होत्या आणि शेजारच्या खोलीतून वास आला.

उग्र, गोडसर, नाकाला झोंबणारा. कवळीच्या गुलाबी पावडरीत पातळ द्रव मिसळला की येतो तो. यजमानांच्या शर्टाला यायचा, केसांना यायचा, अंघोळ करूनही जायचा नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर बाईंचं डोकं दुखायचं त्यानं. पुढे तो नसला की त्यांना घर रिकामं वाटायचं. आणि मग घर खरोखर रिकामं झाल्यावर तो वास गेला केव्हा, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. सगळा चेहरा मेलेला, पण नाकाच्या आत कुठेतरी वास पोचत होता. बाईंनी तो ओढून घेतला. मग पुन्हा एकदा ओढून घेतला.

पलीकडे कापायचं चाक फिरायला लागलं, थांबलं, पुन्हा फिरलं. संध्याकाळ होत आली तेव्हा भाऊजी कवळी हातात घेऊन आले. तिला आता टाळू नव्हता. नुसती घोड्याच्या नालासारखी दातांची कमान उरली होती आणि तिला चार भोकं. डॉक्टरांनी ती बसवली, बारीक पान्यानं एकेक स्क्रू आवळला. स्क्रू हवा तेवढा आवळला गेला की पाना कट् वाजायचा. चार वेळा कट् वाजलं.

"आता ही निघणार नाही. रात्रीही नाही," डॉक्टर म्हणाले. मुलीनं आरसा धरला. सुजलेला, फुगलेला चेहरा, आणि ओठ जरा उचलून धरल्यावर तो तिरका सुळा, आपल्या जागी.

"बरं दिसतंय, आई," मुलगी म्हणाली आणि तिचा आवाज फाटला.

बाईंनी मान हलवली. बरं दिसत होतं. वाटत मात्र काही नव्हतं. मग त्यांची नजर भिंतीलगतच्या टेबलाकडे गेली. तिथं एक पुठ्ठ्याचं खोकं उघडं होतं आणि त्याच्याशेजारी पांढऱ्या प्लास्टरचे साचे ओळीनं मांडलेले होते. डॉक्टर आणि त्यांची मदतनीस वाकून ते बघत होती.

"असं कधी बघायला मिळत नाही," डॉक्टर म्हणाले. "एकाच माणसाचा जबडा, दरवर्षीचा. हा पहिला बघा, हाडाचा केवढा उंच कणा आहे. आणि इकडे या शेवटाला या. सपाट."

"काय आहे ते?" बाईंनी विचारलं. ओठ मेलेला असल्यानं शब्दांचा लगदा झाला.

भाऊजी पुढे आले. डॉक्टरांना गप्प करावं की बाईंना सांगावं, अशा पेचात होते. "तुमचेच आहेत, वहिनी. दर अस्तराच्या वेळचे."

"फुटतात ना ते?"

"कामाचा साचा फुटतो. दादा आधी एक जास्तीचा ओतून ठेवायचे." त्यांनी मान खाली घातली. "दुपारच्याला सगळे असे ओळीत मांडून बघत बसायचे. मी म्हणायचो, दादा, हाड संपत चाललंय, वहिनींना डॉक्टरांकडे न्या. म्हणायचे, सांगतो रे दरवर्षी. रात्री काढत नाही ती, म्हणायचे, मला साच्यावर दिसतं, पण तिला काढते म्हणून सांगायचंय तर सांगू दे. मी म्हणायचो, मग तुम्हीच ढकला की ते दार. तर म्हणायचे, दार तिनं उघडायला हवं."

डॉक्टरांनी हातातला साचा अलगद खाली ठेवला.

बाईंना आधी लाज वाटली. मग राग आला, सपाटून राग. इतकी वर्षं त्या पलंगावर तोंड मिटून, जबडा दुखेपर्यंत मिटून झोपल्या, आणि शेजारचा माणूस सगळं जाणून भिंतीकडे तोंड करून पडलेला. एकदा बोलला असता. एकदा लाथ मारली असती त्या दाराला. आणि रागाच्या पाठोपाठ त्यांना आठवला टॉवेल. त्या पलंगाशी त्यांनी टॉवेल कुणापासून धरला होता? ज्याच्या तळहातावर त्यांची हिरडी रोज दुपारी असायची, त्याच्यापासून.

"शेवटचा कुठला?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी कडेचा साचा उचलून त्यांच्या हातात दिला. "हा त्या दिवशीचा. दादांनी ओतला, सुकायला ठेवला आणि हात धुवायला उठले. तिथंच पडले. कवळीचं अस्तर मग मी पुरं केलं, वहिनी. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही."

म्हणजे शेवटचं अस्तर यजमानांच्या हातचं नव्हतंच. त्यांच्या हातचं शेवटचं काम हे होतं. बाईंनी साचा उलटा केला, सुलटा केला. मधली टाळूची खोलगट जागा, कडेला आटलेली, जवळजवळ पुसून गेलेली रेघ. कुरूप होता. सकाळी दाराआडून ई आणि ऊ म्हणून दिलेलं तोंड होतं ते, आणि दुपारी ते बघूनच माणूस उठला होता. ते तोंड उपाशी बसलंय हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर पलंगावरून त्यानं दुसरं काही विचारलं नाही.

बाईंनी साचा मांडीवर घेतला. त्यावर हात ठेवला. मान खाली घालून त्या साच्याशी बोलल्या, आणि ओठ अजून आपला नव्हता, त्यामुळे 'ख' फुटला, 'त' सांडला, हनुवटीवर लाळ आली. नुसता वारा. खोलीत चार माणसं उभी होती. बाईंनी तोंडावर हात नेला नाही.

"नाही खाल्लं," त्या म्हणाल्या. "काही नाही खाल्लं. तुमची वाट बघत होते."

मग त्यांना रडू आलं. चेहरा बधिर असल्यानं पाणी गालावरून उतरताना कळत नव्हतं, ते हातावर पडायला लागलं तेव्हा कळलं. मुलगी खाली बसली, तिनं आईचे गुडघे धरले. तिला बोलणं सगळं समजलं नव्हतं, खाण्याबद्दल काहीतरी आहे एवढं समजलं होतं.

"आई, भूक लागलीय का तुला?" तिनं विचारलं. आणि डॉक्टरांकडे वळून, "काही देऊ का तिला?"

"आज पातळच," डॉक्टर म्हणाले. "कोमट."

बाईंनी साचा मांडीवरून हलवला नाही. "लागलीय," त्या म्हणाल्या. "कधीची लागलीय."